तर्री पोहे बंद नका करू, त्याचे पैसे वेगळे काढा
बजेट करायचं म्हटलं की लोक आधी तर्री पोहे अन् संत्रा बर्फीच बंद करतात, मला हे अजिबात पटत नाही, कारण असं बजेट फार दिवस टिकत नाही आणि मग एखाद्या रविवारी सावजी हॉटेलात जाऊन सगळी कसर भरून निघते. त्यापेक्षा पगार आला की पहिले बचत काढा. पोस्टातली आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव) महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, ५ वर्षांची राहते. मग किराणा, फी, लाईटबिल (आपल्याकडे नागपुरात एप्रिल-मे मध्ये कूलर दिवसरात्र चालतो, त्यासाठी हिवाळ्यापासूनच थोडे थोडे बाजूला टाका बाप्पा).

आता खाऊचे पैसे. यूपीआय लाइटमध्ये (यूपीआय ॲपमधलंच छोट्या खर्चाचं पाकीट) महिन्याची ठरलेली रक्कम टाका, समजा ६०० रुपये, आणि चहा, पोहे, फुटाळा तलावावरचा भुट्टा सगळं त्यातूनच द्या, म्हणजे किती उरले ते लगेच दिसते. त्यात ५,००० च्या वर ठेवताच येत नाहीत हेही बरंच आहे. फक्त ऑटो टॉपअप (पैसे कमी झाले की खात्यातून आपोआप भरले जाणं) बंद ठेवा, नाहीतर काहीच उपयोग नाही! आणि रक्कम घरच्यांनी सगळ्यांनी बसून ठरवा, पोरांनाही विचारा.