फिलर करून घ्यायचंय? मग सुई लागायच्या आधी हे वाचा

आधी एक घोळ मिटवूया, फिलर आणि बोटॉक्स एकच नाही. बोटॉक्सने स्नायू ढिला पडतो म्हणून कपाळावरच्या आठ्या कमी होतात, आणि फिलर म्हणजे जेल असतं, गाल बसलेत किंवा नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडलीय तर तिथे भरायला. त्यामुळे आरशासमोर उभं राहून आधी ठरवा की तुम्हाला नक्की काय खटकतंय, नाहीतर डॉक्टर भलतंच काहीतरी सुचवतील आणि आपण मान डोलवत बसतो.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं स्पष्ट मत आहे, हायलुरॉनिक अ‍ॅसिडचंच फिलर घ्या. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही बिघडलं तर हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून तो विरघळवता येतो. कॅल्शियमवाल्या किंवा पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या फिलरच्या इंजेक्शनला ही सोय नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर टिकतं साधारण ६ ते १८ महिने, ओठ सारखे हलतात म्हणून तिथलं लवकर उतरतं.

आता डॉक्टरांना काय विचारायचं? मी तर सरळ विचारते, हायलुरॉनिडेज आत्ता इथे, तुमच्या कपाटात आहे का? मागवता येईल हे उत्तर मला चालत नाही. कारण जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर पुढचं रक्त थांबतं आणि तिथली त्वचा मरू शकते, आणि नाक व दोन भुवयांच्या मधल्या जागेतल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्यामुळे दृष्टीसुद्धा जाऊ शकते, क्वचित होतं पण होतं. म्हणून पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी अजिबात नको. सुईशिवाय जेल आत ढकलणारं ते हायलुरॉन पेन मिळतं ना, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२१ मध्ये इशाराच दिलाय. सिरिंजचा खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा, बॅच नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि जपून ठेवा.

गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा चेहऱ्यावर इन्फेक्शन असेल तर थांबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. ओठांवर तापाचे फोड यायची सवय असेल तर तेही सांगा, आधीपासून गोळी देतात. दातांचं काम पुढेमागे दोन आठवडे ठेवू नका.

करून घरी आल्यावर एक गोष्ट शिकून ठेवा. जिथे टोचलंय त्याच्या आसपास बोटाने हलकं दाबा, पांढरा ठसा उमटेल, बोट उचललं की २-३ सेकंदात रंग परत यायला हवा. रंग आलाच नाही, किंवा जाळीसारखे निळसर-जांभळे डाग दिसले, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं, तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोनला फोन करा. नजर धूसर झाली तर थेट इमर्जन्सीत जा. तेव्हा एकेक तास महत्त्वाचा असतो.

नुसती सूज आणि थोडे काळेनिळे डाग, हे मात्र होतंच. पहिला दिवस-दीड दिवस जिम, वाफ, दारू टाळा आणि डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर चोळू नका. माझा वरचा ओठ दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बाजूने इतका सुजला होता की मला रडू आलं, वाटलं वाकडाच झाला, आणि दहाव्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या. म्हणून अजून थोडं भरूया का हा विचार दोन आठवडे तरी मनात आणू नका, खरा आकार तेव्हाच कळतो.