पाणीच पाणी असलेल्या गोल्फ कोर्सवर कसे खेळावे

फ्लोरिडातल्या पाँटे वेड्रा बीच इथला टीपीसी सॉग्रासचा स्टेडियम कोर्स 1980 साली सुरू झाला. 1982पासून प्लेयर्स चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा इथेच होते. तरीही खेळायला सभासदत्व लागत नाही. काहीशे डॉलर मोजायची तयारी असली की कुणीही जाऊ शकतो. गोल्फ कोर्सचे रचनाकार पीट डाय यांनी तो दलदलीच्या जागेवर रचला. 17व्या होलपाशी वाळू उपसून भलामोठा खड्डा झाला होता, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तिथे पाण्यात बेटासारखे ग्रीन (होलच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) करायचे सुचवले. असल्या कोर्सवर चेंडू बुडतात ते बहुधा हात कमकुवत म्हणून नव्हे, अंतराचा हिशेब चुकतो म्हणून. तो घरून निघण्याआधीच करायचा असतो.

आधी आपला ‘कॅरी’ शोधा

चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीला टेकतो तिथपर्यंतचे अंतर म्हणजे कॅरी. त्यापुढे तो घरंगळतो ते वेगळे. क्लब म्हणजे चेंडू मारायची काठी; आयर्न हा तिचा लोखंडी प्रकार, आणि वेज त्यातलाच, जवळच्या उंच फटक्यांचा. ‘माझा 7 आयर्न 150 यार्ड जातो’ असे सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा घरंगळणे धरलेले असते, आणि तेही आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या फटक्याचे. पाण्यावर चेंडू घरंगळत नाही.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) प्रत्येक आयर्न आणि वेजने दहा-दहा चेंडू मारा. दहापैकी सात चेंडू ज्या अंतराच्या पुढे पडतात तोच तुमचा कॅरी. आकडा लिहून बॅगेत ठेवा. रेंजचे झिजलेले चेंडू थोडे कमी जातात हेही लक्षात असू द्या. सराव साध्या सार्वजनिक कोर्सवर झाला तर उत्तमच. नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स आहे.

मग टी निवडा

टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा; प्रत्येक होलला त्या पुढे-मागे अनेक असतात. 5 आयर्न जितके यार्ड जातो त्याला 36ने गुणा. 150 यार्ड जात असेल तर 5,400 यार्डांचा कोर्स तुम्हाला झेपेल. स्टेडियम कोर्स सर्वांत मागच्या टीवरून 7,200 यार्डांच्या वर जातो. तिथून खेळण्याची हौस म्हणजे चेंडूंचा डबा तळ्यात रिकामा करण्याची तयारी. पुढच्या टीवर गेल्याने कमीपणा येत नाही. डाय यांचे पाणी तिथूनही पुरेसे छळते.

प्रत्येक फटक्याआधी तीन आकडे

पाण्याचा पलीकडचा काठ किती, ग्रीनची पुढची कड किती, मध्य किती, हे रेंजफाइंडर (अंतर मोजणारे यंत्र), जीपीएस किंवा कॅडीकडून (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाकडून) घ्या. होलवरच्या झेंड्याचे अंतर शेवटी विचारा, किंवा विचारूच नका. तुमचा कॅरी काठाच्या अंतरापेक्षा निदान दहा यार्ड जास्त नसेल तर पाणी ओलांडायला जाऊ नका, अलीकडे ठेवा.

वारा धरायला विसरू नका. समोरून ताशी 10 मैलांचा वारा असेल तर अंतर साधारण 10 टक्के वाढले असे समजा. पाठीमागून तेवढाच असेल तर 5 टक्केच कमी करा. पाठचा वारा देतो त्यापेक्षा समोरचा जास्त घेतो. वारा पाहायचा तो झाडांच्या शेंड्यांवर. पायाशी गवत उडवून वर काय चालले आहे ते कळत नाही.

पाणी एका बाजूला असेल तर टी बॉक्सवर पाण्याच्याच बाजूला उभे राहा आणि पाण्यापासून दूर मारा. नवख्याला हे उलटे वाटते. पाण्यापासून लांब उभे राहिले की नेम आपोआप पाण्याकडे तिरपा जातो.

शेवटचे तीन होल

16वा पार 5 (म्हणजे पाच फटक्यांत संपणे अपेक्षित), 523 यार्ड. ग्रीनच्या उजवीकडे पाणी आहे. दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचा मोह सोडा. आवडत्या वेजचे पूर्ण अंतर उरेल असा दुसरा फटका मारा आणि तिसऱ्यात ग्रीनच्या डाव्या अर्ध्यावर या.

17वा पार 3, मागच्या टीवरून 137 यार्ड. ग्रीन पुढून मागे सुमारे 26 पावले. म्हणजे मध्यावर नेम धरला तर दोन्हीकडे अंदाजे बारा यार्डांची मुभा, जवळपास एका क्लबचा फरक. झेंडा कुठेही असो, मध्यावर मारा. समोरून 10 मैलांचा वारा असेल तर हाच होल 150 यार्डांचा झाला. इथे सर्वाधिक नडते ती अर्धवट ताकद: मोठा क्लब घेऊन हलकेच मारायला जावे, तर हात मध्येच मंदावतात आणि चेंडू अलीकडे पडतो. पकड सैल ठेवा, स्विंग पूर्ण करा. उलट फार सपाट आणि जोरात आलेला चेंडू टप्पा घेऊन मागच्या कडेवरून पाण्यात जातो, तेव्हा उंच मारणेच बरे. व्यावसायिकही सुटत नाहीत: 2007च्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी इथे 50 चेंडू बुडाले, आणि 2005 साली बॉब ट्वे यांचे या एका होलला 12 फटके झाले.

18वा पार 4, 462 यार्ड, डावीकडे सबंध लांबीभर पाणी. टीच्या डाव्या कडेला उभे राहून उजव्या बाजूला मारा. दुसरा फटकाही ग्रीनच्या उजवीकडे चुकला तर चालेल. मनात तो पार 5 धरा.

चेंडू बुडाल्यावर

2019पासून नियमांत अशा जागेला पेनल्टी एरिया म्हणतात. तिच्या कडेला पिवळे खुंट असतील तर एका दंडाच्या फटक्यावर दोन वाटा: आधीच्या जागेवरून पुन्हा मारा, किंवा चेंडूने शेवटची कड ओलांडली तो बिंदू आणि होल यांना जोडणाऱ्या रेषेवर, त्या बिंदूच्या मागे हवे तितके जाऊन ड्रॉप करा, म्हणजे चेंडू हातातून सोडा. लाल खुंटांना तिसरी वाट मिळते: ओलांडलेल्या बिंदूपासून दोन क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. मोजायचे ते कड ओलांडली तिथून; पाणी उडाले ती जागा धरणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. चेंडू पाण्यात गेल्याची खात्री असेल तर प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर म्हणून मारलेला) चेंडू मारता येत नाही. चेंडू काठाच्या गवतात अडकला असेल तर तसाच, विनादंड, क्लब जमिनीला टेकवून मारता येतो.

17व्यासारख्या होलला ड्रॉप झोन (ड्रॉप करायची आखून दिलेली जागा) असतो, टीपेक्षा बराच जवळ. पण तिथून येतो अर्धा वेज, म्हणजे वेजचा अर्ध्या स्विंगचा फटका, आणि तो अनेकांना पूर्ण फटक्यापेक्षा अवघड जातो. अर्धा वेज घोटलेला नसेल तर टीवरूनच पुन्हा मारा. फ्रेड कपल्स यांनी 1999 साली पहिला चेंडू बुडाल्यावर तेच केले आणि दुसरा थेट होलमध्ये घातला, म्हणजे चक्क पार!

आपल्याकडे पावसाळ्यात फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) डबकी साचतात, ती मात्र पेनल्टी एरियात मोडत नाहीत. त्यांतून विनादंड सुटका मिळते: डबक्याचा अडथळा पूर्ण संपतो तो सर्वांत जवळचा बिंदू शोधा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करा.

बॅगेत किमान डझनभर चेंडू ठेवा, निम्मे जुने. जुना चेंडू मात्र ‘बुडाला तर बुडाला’ म्हणून पाण्यासमोर काढू नका. मनाने तो बुडवलेलाच असतो. आणि फ्लोरिडातल्या तळ्यात हात घालून चेंडू काढायला जाऊ नये. तिथे अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरी असतात, आणि त्या काठालगत चेंडूइतक्याच निश्चल पडून राहतात.