अंबाडीची डाळ शिजत नाही? रानभाज्यांत या चुका टाळा

पाऊस झाला की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत पोत्यावर अंबाडी, चिगळ, तांदुळजा दिसायला लागतो. हौसेने दोन जुड्या नेणारे पुष्कळ, आणि आठ दिवसांनी भेटल्यावर तक्रार एकच, "भाजी बिघडली हो." कशी केली विचारावं तर पालकासारखी!

सगळ्यात जास्त हाल अंबाडीचे होतात. धुतली, चिरली, तुरीच्या डाळीबरोबर कुकरात कोंबली, शिट्ट्या काढल्या. मीही हे केलंय. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, अक्कलकोटकडचे पाहुणे जेवायला. पाच शिट्ट्यांनी झाकण काढलं तर पाल्याचा लगदा आणि डाळ टणक. आणखी चार काढल्या, तरी डाळ ढिम्म. तशीच वाढली. मामंजी दोन घास खाऊन म्हणाले, "सूनबाई, यात हरभरे का घातलेत?" पाहुण्यांसमोर!

नंतर सासूबाईंनी समजावलं, "आंबट आधी पडलं की डाळ अडून बसते." खरंच आहे ते. आंबटात डाळीतलं पेक्टिन, म्हणजे दाण्याला घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ, सुटत नाही, मग शिट्ट्या कितीही काढा. तेव्हापासून माझी डाळ वेगळी शिजते, मूठभर जोंधळ्याच्या कण्या आणि हळद घालून, पळीने घोटली जाईल इतकी मऊ. अंबाडीची नुसती पानं उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायची, चाळणीत ओतायची, गार झाली की मुठीत पिळायची. मग दोन्ही एकत्र, गुळाचा खडा, आणि वरून लसूण-सुक्या मिरचीची फोडणी. तेलाला हात आखडू नका. लाल देठाची अंबाडी जास्त आंबट असते, ती जरा जोरात पिळा. "पाणी टाकलं की जीवनसत्त्वं जातात" म्हणणारे भेटतात. जाऊ देत, एरवी पानातली भाजीच जाते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हिचा गोंगुरा होतो, कानडी मंडळींची ही पुंडीपल्ले. गोंगुऱ्याच्या चटणीला मात्र पाला न पिळता तेलातच परततात. दोन रीती एकत्र करू नका. आणि लोखंडी कढई नको, भाजी काळी पडते.

चिगळ विकत घ्या, निवडायला सोपी. रानातून स्वतः खुडणार असाल तर घाई नको. तिच्या शेजारीच जमिनीला चिकटून पसरणारं एक दुधाळ तण उगवतं, लालसर देठाचं, लांबून चिगळच वाटतं. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर फेकून हात धुवा. चिगळीला चीक नसतो, पानं जाड आणि रसरशीत असतात. माझ्या नणंदेने एकदा पिशवीभर आणली होती, त्यात निम्मी दुधाळ. मी काडी न् काडी मोडून पाहिली, तिचा चेहरा उतरला, पण पर्याय नव्हता. चिगळ धुवायचीही चार पाण्यांनी, नाहीतर दाताखाली वाळू. शिजताना वरून पाणी घालू नका, तिचं तिलाच पुष्कळ सुटतं.

सुरण चिरताना हाताला तेल, शिजवताना चिंच. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात टोचतात, खाज येते ती त्यामुळे. शिजला की नाही हे सुरी घालून बघायचं, चाखून नाही!

हादग्याच्या फुलातला केसर काढा, कडू लागतो.

केळफूल सोलायचा कंटाळा असेल तर आणूच नका. प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढावाच लागतो. मोबाइलवर दहा मिनिटांत केळफूल करून दाखवणाऱ्यांनी सोलायचा भाग कापलेला असतो.

करडईची भाजी कोवळी असतानाच. निवडताना पानाचे काटे बोटाला टोचले तर ती जुडी शेळीला द्या.