योकमध्ये रुतून बसलेला क्रॉस

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची लाल माती आणि चार महिन्यांचा पाऊस, दोन्ही मिळून प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जोडातल्या चार खुंटांच्या क्रॉसची वाट लावतात. आमचा टिपर गिअर पडताच ‘टक्’ करायला लागला, तेव्हाच समजलं, कप गेले, म्हणजे क्रॉसच्या खुंटांवरच्या, आत बेअरिंगच्या बारीक सुया असलेल्या टोप्या.

शाफ्ट उतरवण्याआधी चाकांना दगड लावा. शाफ्ट निघाला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही. जोडावर पंचने खुणाही करा, नाहीतर नंतर गाडी थरथरते.

कप जागेवर धरणारी एक सर्क्लिप (स्प्रिंगसारखी कडी) गंजून जाम होती. खाचेतली माती खरवडली, कपावर सॉकेट ठेवून हलकेच आत ठोकलं, तेव्हा क्लिपवरचा दाब सुटला आणि ती निघाली. कप मात्र ढिम्म. गॅरेजमधला पोरगा घण घेऊन आला, त्याला म्हटलं, “बाबा रे, ठेव तो खाली.” घणाने योकचे, म्हणजे कप ज्यात बसतात त्या शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्याचे, कान वाकतात, मग नवा कप सरळ बसतच नाही.

रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू दिलं. सकाळी योकचा कान बाहेरून गॅसने तापवला, लाल होऊ न देता, आणि शाफ्ट प्रेसवर घेतला. एका बाजूला कपापेक्षा लहान सॉकेट, दुसरीकडे मोठा. ‘फट्’ आवाज झाला आणि कप सरकला. आत ग्रीसचा पत्ता नाही, नुसती तपकिरी पूड. क्रॉसच्या खुंटावर सुयांचे चरे उमटलेले.

नवा बसवताना सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवा. एखादी आडवी पडली तर क्लिप खाचेत बसत नाही. शेवटी चारही सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा.