ट्रंकेतला जुना रबरी शिक्का पुन्हा उमटवायचा तर

तीस वर्षं मी बारनिशीत, म्हणजे कचेरीच्या टपालाची आवक-जावक नोंदवणाऱ्या विभागात, काढली. रोजच्या टपालावर ‘आवक’चा शिक्का मारून घडलेला हात आहे हा. म्हणून आजोबांचा लाकडी मुठीचा शिक्का सापडला आणि रॉकेलमध्ये बुडवला, असं कुणी सांगितलं की जीव तुटतो. रॉकेल, पेट्रोल काहीही नको. त्यानं रबर फुगतं आणि अक्षरं बिघडतात.

वाटीभर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश, एवढं पुरे. घासताना रबर खाली राहू द्या, म्हणजे पाणी मुठीकडे ओघळत नाही. लाकूड भिजलं की चिकटवलेलं रबर सुटतं. ‘अधीक्षक’मधला ‘क्ष’ हमखास बुजलेला असतो. त्याच्या गाठीतली वाळकी शाई दात कोरायच्या काडीनं काढा, सुईनं नको. मग सावलीत वाळवा.

रबर काचेसारखं चकाकत असेल तर ते शाई धरत नाही. अगदी बारीक पॉलिश पेपर टेबलावर सपाट ठेवून त्यावर शिक्का दोन-तीनदा अलगद फिरवा. तडे गेले असतील तर मात्र त्याला हात लावू नका, नुसता जपा.

पॅडमध्ये फाउंटन पेनची शाई ओतू नका, ती लगेच वाळते. शिक्क्याचीच जांभळी शाई आणा.

आता खरं काम. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. मुठीवर एखादा बारीक खिळा ठोकलेला किंवा खाच दिसली, तर बहुधा ती शिक्क्याची वरची बाजू. ती आपल्यापासून लांब ठेवायची. पॅडवर हलकेच दोनदा टेकवा, दाबू नका. जास्त शाईनं अक्षरं भरतात. कागदावर सरळ ठेवा, तळहातानं दाबा, सरळ उचला. नवी मुलं आपटायची आणि गोल शिक्क्याची एकच कड उठायची.

सरकारी पदनामाचा शिक्का असेल तर ठसा फक्त वहीत घ्या आणि त्यावर आडवं ‘रद्द’ लिहा. दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो उमटू देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो.

तारखेच्या शिक्क्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. जोरानं फिरवल्या तर तुटतात. आधी ब्रशनं मोकळ्या करा. माझ्याकडच्या एकाची वर्षाची पट्टी १९९६ ला संपली. शेवटची तारीख ३१ डिसेंबर लावलेली होती, ती मी तशीच ठेवली आहे.