कॉफीवरील मर रोग : लागण झालेल्या बागेत काय करावे

युगांडात 1993 साली रोबस्टा कॉफीवर आढळलेल्या मर रोगाने पुढील काही वर्षांत तेथील असंख्य बागा ओसाड केल्या. ‘फ्युजेरियम झायलॅरिऑइड्स’ ही बुरशी खोडातील पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवते, त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड सुकते. लागण झालेले झाड कोणत्याही बुरशीनाशकाने बरे होत नाही. खरा प्रयत्न करायचा तो शेजारच्या झाडांसाठी.

पाने पिवळी पडून गळणे, बहुधा एका बाजूने फांद्या वाळणे आणि फळे अकाली लाल होऊन फांदीवरच सुकणे ही लक्षणे दिसताच जमिनीलगत खोडाची साल चाकूने खरवडून पाहावी. आतील लाकडावर निळसर काळे पट्टे दिसले, तर पाण्याचा ताण किंवा अन्य कारण शोधत बसू नये. रोग मुरलेल्या खोडाच्या सालीवर बुरशीचे बीजाणू धरणारे बारीक काळे दाणेही आढळतात.

असे झाड मुळासकट उपटून जागेवरच जाळावे. फळांनी लगडलेल्या झाडाला हात लावायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण तोड लांबवली की बुरशीला पसरायला तेवढाच अवधी मिळतो. त्याचे लाकूड सरपण किंवा कुंपणासाठी नेणे म्हणजे रोग स्वतःच्या डोक्यावरून दुसऱ्या शेतात पोहोचवणे होय. मोकळ्या झालेल्या जागी निदान सहा महिने, जमल्यास त्याहूनही अधिक काळ, कॉफी लावू नये.

बुरशी मुख्यतः जखमेतून शिरते आणि ती जखम बहुतेकदा आपल्याच कुदळीने वा कोयत्याने झालेली असते. म्हणून खोडाभोवतीचे तण हाताने उपटावे, आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, आणि छाटणी करताना एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी पाते विस्तवावर धरावे किंवा ब्लीचच्या द्रावणाने पुसावे. मजुरांना हे काम कंटाळवाणे वाटते, तेव्हा देखरेख हवीच.

नव्या लागवडीसाठी युगांडातील संशोधकांनी निवडलेले ‘केआर’ मालिकेतील रोगप्रतिकारक रोबस्टा वाण घ्यावेत. रोबस्टा परपरागीत, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागांनी फळणारी, असल्याने त्यांच्या बियांपासून वाढलेल्या रोपांत ही प्रतिकारशक्ती टिकेलच असे नाही. त्यामुळे खात्रीच्या रोपवाटिकेतील छाटकलमेच (फांदीच्या तुकड्यांपासून वाढवलेली रोपे) लावावीत.