भाताची लावणी: आधी दोरी, मग जीवामृत

मिरगाचा पाऊस लागला की आमच्या संगमेश्वर भागात जो तो विचारतो, "भाताला जीवामृत किती घालू?" मी आधी विचारते, दोन चुडांत (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुपक्यांत) अंतर किती ठेवणार? मुळांना पसरायला जागाच नसेल तर ड्रमभर जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, ओतूनही फुटवे (बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या) वाढत नाहीत. म्हणून मी डॉ. नारायण सावंतांची भातशेतीची चारसूत्री (तुसाची राख, गिरीपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि खताच्या गोळ्या) धरून चालते आणि जीवामृत त्याच्या जोडीला देते.

तरव्याच्या (लावणीसाठीच्या रोपांच्या) वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख मिसळा. ती काळसर हवी, पार जळून पांढरी झालेली नको. तिच्यातल्या सिलिकाने रोपं ताठ होतात. गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया झाडाच्या) फांद्या चिखलणीआधी आठवडाभर खाचरात पसरा. पाला गळला की काटक्या उचला आणि पाला चिखलात गाडा.

आता लावणी. दोरीवर १५, २५, १५, २५ सेंटिमीटरवर खुणा करा आणि ओळींमध्येही हेच अंतर ठेवा. चुडात दोन-तीनच रोपं घ्या, वरच्यावर लावा. खोल रोवलेलं रोप फुटवे उशिरा काढतं. मुठीने रोपं खुपसायची सवय असलेल्या बायका पहिल्या दिवशी कुरकुरतात, शेत विरळ दिसतं म्हणतात. दिसू दे. फुटवे आले की भरतं.

त्याच दिवशी, १५ बाय १५ च्या प्रत्येक चौकोनात चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) खोचा. गोळी बोटांच्या टोकात धरायची, सात ते दहा सेंटिमीटर खाली सोडायची आणि हात काढताना वरचा चिखल सारून भोक बुजवायचं. उघडी राहिली तर नत्र पाण्याबरोबर जातं, आणि कोकणातल्या पावसात ते बांधाबाहेर जायला वेळ लागत नाही. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे साधारण पावणेदोन किलो.

रोपं रुजली की जीवामृत. एकराला २०० लिटर पाण्यात १० किलो ताजं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, तयार झाल्यावर आठवड्याच्या आत वापरा. द्यायचं ते उघडीप पाहूनच, पाणी सोडायचं तोंड बंद करून आणि खाचरात बोटभर पाणी ठेवून. धो धो पावसात दिलेलं जीवामृत खालच्या शेजाऱ्याच्या शेतात जातं. त्यातले जिवाणू मातीतलं अन्न मुळांना मिळवून देतात, पण भाताची नत्राची सगळी भूक त्यावर भागत नाही. म्हणून ब्रिकेट सोडू नका.

एक खाचर मात्र जीवामृताशिवाय ठेवा. महिन्याभराने दोन्हीकडच्या दहा-दहा चुडांचे फुटवे मोजा. बी, अंतर आणि ब्रिकेट दोन्हीकडे सारखी असेल तरच त्या मोजणीला अर्थ आहे.